शाळेच्या अंगणात पाणी मुरवण्याचा उद्योग

चि. काशिनाथ यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वालावलीस सगळे खुशाल आहेत असं धरून चालते, कारण काही बिनसल्याशिवाय तुझा फोन येत नाही, आणि बरेच दिवस तो आलेला नाही. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठीक आहेत. बिघडलंय ते डोकं, आणि तेही शाळेच्या अंगणापायी.

बँकेतून निवृत्त झालेली बाई रिकामीच असते अशी गावाची समजूत आहे, म्हणून मला शाळा समितीत घेतलं. इथल्या शाळेची विहीर दरवर्षी चैत्रात तळ दाखवते. यंदाही आटली तर मुलं तालुक्याच्या शाळेत घालू, असं पालकांनी बजावलंय. म्हणजे शाळेला कुलूप. असं असताना अध्यक्ष परशुराम यांनी सुचवलं की अंगणात चिखल होतो, सबब काँक्रीट ओतावं. म्हणजे पावसाचं पाणी थेट खाडीला आणि विहिरीला लांबून नमस्कार! मी म्हटलं, वर चिखल नको आणि खाली पाणी मुरलं पाहिजे, असं काहीतरी स्वस्तातलं शोधा. (कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला हळू बोलायला शिकवलं होतं. समितीत त्याचा उपयोग नाही.)

जाळीदार ब्लॉक परवडेनात. नुसती खडी पसरून पाहिली, ती मुलांनी शेजारच्या चिंचेवर भिरकावून संपवली. मग परशुरामांनी खाडीतल्या शिंपल्या आणल्या, फुकट. त्या आधी धुवायच्या असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि आठवडाभर शाळेत मुलांपेक्षा कुत्र्यांची हजेरी जास्त लागली. शेवटी जांभ्या दगडाच्या खाणीवरचे फुटके चिरे आणून बोटभर फटी सोडून बसवले आणि फटींत बारीक खडी भरली. बादली ओतली की पाणी बघता बघता गडप! मी सुखावले आणि दात काढायला कणकवलीला गेले. तिथे चुकले.

दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब अंगण पाहायला यायचे होते. मी परतले तो अंगणात फट म्हणून नाही. माता समितीने सगळं शेणाने सारवून, चोपण्यांनी बडवून गुळगुळीत केलं होतं, वर कडेने रांगोळी. समितीच्या सत्यवतीबाई उलट मलाच विचारतात, "बाईनू, सायेब येतले आणि असलो फटीफटीचो खळो दाखवतलात?" माझा गाल फुगलेला, मी बोटानेच एक बुजलेली फट दाखवली. आणि सांगणार तरी काय? पाहुणे येताना अंगण सारवू नका, असं आपल्याकडे आजवर कुणी कुणाला सांगितलंय का?

साहेबांनी प्रात्यक्षिक मागितलं. मुख्याध्यापिका चारुताने घागर ओतली. पाणी क्षणभर थांबलं, विचारात पडलं, आणि साहेबांच्या बुटांत शिरलं.

"मुरतंय खरं," साहेब म्हणाले, "पण माझ्या मोज्यांत."

परशुराम माझ्या कानाशी आले. "बाईनू, ह्याच्यापरीस सिमिट काय वायट होता?"

साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. तेव्हाही पाणी मुरलं नाही तर काँक्रीटला मंजुरी. सत्यवतीबाई आता रोज फटी उकरतात (माझ्याकडे न बघता), पण चोपण्यांखाली निम्मे चिरे पिचलेत आणि खाण सध्या बंद आहे.

असो. तुझ्या मागे माझी रडगाणी कशाला? गुडघ्याला जप.

तुझी,
सुगंधाक्का

ता. क. तुझ्या परसात पाडलेल्या गोठ्याचे चिरे पडून आहेत. ते तू धाकट्या अजयच्या आणि तुझ्या हद्दीवर गडग्याची भिंत घालायला राखलेस, हे मला ठाऊक आहे. अजय माझाही भाऊच, तेव्हा मी कुणाचीच बाजू घेत नाही. चिरे घेते.

आणखी एक. हे पत्र तुझ्या हातात देणारा गुरुदास टेम्पो घेऊन आला आहे. तू चष्मा शोधून इथवर वाचेपर्यंत तुझी बायको कावेरी आणि अजय यांनी मिळून अर्धा टेम्पो भरला असेल. दोघांशी माझं कालच बोलणं झालं.