तुटली नाही, सुटली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, तागाच्या फळ्यांच्या कारखान्याची मालकीण, आज पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्यावर दडपण आणण्याची घरात कोणाची छातीही नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी थोरल्या मुलाला. त्याने कारखान्यात कधी लक्ष घातले नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

२. ऑफिसातले आमच्याच फळीचे स्टूल धाकट्या दिरांना. वर-खाली राळेत भिजवलेले तागाचे कापड, मध्ये बुचाचा थर. वजन दोन किलोही नाही. बावीस वर्षे त्यावर बसून ते म्हणत आले, "वहिनी, ही पोत्याची फळी आज ना उद्या मोडणार बघा." भाऊजींचे वजन मी येथे लिहीत नाही. कारखान्याचे दारही त्याच फळीचे आहे. सव्वीस वर्षांत बिजागऱ्या दोनदा बदलल्या, दार नाही.

३. कारखाना, दाबयंत्र व चाचण्यांच्या वह्या धाकट्या मुलीला. कारण नोंदवणे भाग आहे. आमची फळी तुटत नाही; चुकलेच तर कापड बुचापासून सुटते. नऊ वर्षांपूर्वी रुग्णवाहिकांना दिलेल्या फळ्या सहा महिन्यांत सुटल्या. मी सगळ्यांदेखत मुलीला म्हणाले, "तू कडा नीट बंद केल्या नाहीस. पाणी आत गेलं."

"आई, एकेक कड मी स्वतः तपासलीय."

मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने मी एक फळी कापली. कडा कोरड्या ठणठणीत होत्या. कापड मधोमध सुटले होते. माल वेळेवर जावा म्हणून दमट ताग मीच दाबायला लावला होता; दमट ताग बुचाला धरत नाही. तरी वहीत "कडांचा दोष" ही नोंद तशीच राहू दिली. मला लाज वाटली. आता ती खोडून खाली "दोष माझा" असे लिहिले आहे. ते पान कोणी फाडू नये.

हा मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गेल्यावर तिला कळणार? तिने तुम्हाला बोलायचंच नाही का?"

म्हणून सही दोन दिवस थांबवली व मुलीला बोलावून ते पान दाखवले. ती तासभर बोलली. मी एकदाही मध्ये तोंड घातले नाही. जाताना तिने कारखान्याची किल्ली मागितली.

सबब, कलम ३ साठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. कारखाना उद्या सकाळपासून तिचा. मला कामावर ठेवायचे की नाही, हे तिने ठरवावे.

लिहून देणार: (सही)
आमच्यासमक्ष, शुद्धीत असल्याची खात्री करून:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. दाबयंत्रावरचे मिस्त्री (सही)
ठिकाण: कारखान्याचे ऑफिस
दिनांक: आजचा, डॉक्टरांनी सहीखाली घातल्याप्रमाणे