पावलेला नवस

पप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणून तुमच्याबद्दल कुणाशी बोलत नाही, थेट तुमच्याशीच बोलते.

इजिप्तशी तह झाल्यानंतरची ती वर्षं. मी तेल अविवच्या विद्यापीठात अरबी शिकत होते आणि कैरोच्या विद्यापीठाशी विद्यार्थ्यांची अदलाबदल ठरली होती. तिकडचे दोघे इकडे, इकडचे दोघे तिकडे, एका वर्षासाठी. मी अर्ज केला, त्यावर लोदच्या आपल्या घराचा पत्ता घातला आणि टपालपेटीची किल्ली तुमच्या खिशात असते हे साफ विसरले. वाट पाहण्यात महिना गेला. मग एका संध्याकाळी विमानतळावरच्या वर्कशॉपमधून तुम्ही दोन नारळ घेऊनच घरी आलात. "मलिदा करा. एलियाहू हन्नाबीला नवस बोललो होतो, तो पावला."

मला वाटलं, माझी निवड झाली! नवस कसला ते प्रार्थनेआधी विचारायचं नाही, ही आईची शिस्त. मी हौसेने नारळ खवते आहे, पोहे भिजवते आहे, साखर-वेलची घालते आहे. शेजारचे पुरुष जमले आहेत, तुम्ही मोठ्याने गाता आहात. ताट फिरलं आणि मी विचारलं, "पप्पा, कसला नवस?"

"तू जाऊ नये म्हणून गो. निवडीचं पत्र आलं होतं, मीच ठेवलं. जबाब द्यायची मुदत काल संपली. एक पोर त्यांच्याशी लढताना गेलं, दुसरं नाय देणार."

सुएझ कालव्यापाशी पडलेल्या दादाचा विषय निघाला की आपल्या घरातला वाद तिथेच संपायचा. मी तोंडातला घास गिळला. थुंकला का नाही, याची चीड आजही येते.

सूड मात्र मी पुरता घेतला. त्या दिवसापासून तुमच्याशी मराठी बंद. तुम्ही मराठीत विचारायचात, मी हिब्रूत उत्तर द्यायची, तेही भराभरा, निम्मं कळू नये म्हणून. "बापाला असं तोडू नको गो," आई म्हणायची, "भारत सोडून या देशात आला तेव्हाच तो अर्धा मुका झाला." मी ऐकलं नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "अजून रागावलीस काय?" मी म्हणाले, "लो." नाही, एवढंच, आणि तेही हिब्रूत. तुमचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि माझ्या घरात मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या मलिद्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या प्राध्यापकबाईंनी मला बोलावून तोच अर्ज पुन्हा हातात दिला. म्हणाल्या, या वेळी पत्ता माझ्या ऑफिसचा घाल. तुम्हाला पत्ताही लागला नसता. मी तो कोराच परत केला. कैरोला जाऊन आले असते, तर तुमच्यावर कशासाठी रागावले असते, पप्पा?