न बोलता विचारायचं कसं

आत्याबाई,

"इचारल्याबिगर कोनाचाबी फोटो काढू नको," असं तुमी काल बजावलंत आणि मी व्हय म्हणाले. मामंजी गेले तेव्हाचा तुमचा रडतानाचा फोटो गावभर फिरला, ते मी विसरले न्हाई.

पण आज दुपारपर्यंत माझं मौनाचं व्रत आहे, म्हणून हे लिहून ठेवते. कळमनुरीच्या बाजारात फोटोवाल्या मंडळींसोबत पहिल्यांदाच फिरायचं, आणि न बोलता विचारू कसं? कॅमेरा दाखवून हात जोडीन. समोरच्यानं मान हलवली तरच काढीन.

तुमचा चहा थर्मासात आहे.

आता खिडकीतून तुमच्या तोंडावर कोवळं ऊन आलंय. फार देखण्या दिसता. पण तुमी झोपेत, म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवला. दार हळूच ओढून निघते.

मंजुषा