पुन्हा तीच बैठक

ता. १२ नोव्हेंबर, बुधवार

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. शेजारच्या वहिनींनी वाचून दाखवलं आणि आईने दर ओळीला मध्ये तोंड घातलं, त्यामुळे ऐकायला सगळी दुपार गेली. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि केंद्रातला तुमचा टायपिंगचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही कुणाचं किती ऐकता ते मला ठाऊक आहे.

आम्ही बरे आहोत. ऑफिसही छान आहे. टेबल खिडकीजवळ आहे, खुर्चीला गादी आहे, काठी अडकवायला भिंतीत खुंटी ठोकून दिली आहे. शिपाईकाका चहा माझ्या उजव्या हाताला ठेवतात आणि "ठेवला बरं का" म्हणून सांगतातही. हे पत्र मी ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर, भर कामाच्या वेळात टाइप करतेय. काळजी करू नका, कुणाचं काही अडत नाही.

तुम्ही तुमच्या वर्गातल्या चिमणीबद्दल विचारलंत. साहेब तिलाही माझ्या शेजारी टायपिस्ट म्हणून घ्यायला तयार आहेत, त्यासाठी तिला दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडावं लागेल, आणि ती म्हणते, "ताई सांगेल तसं करीन." तिलाही माझ्यासारखंच दिसत नाही, म्हणून मला विचारावं हे बरोबरच. पण बाई, हे लोढणं माझ्या गळ्यात का अडकवलंत? उत्तर लिहायचं जिवावर आलं होतं. आता सांगूनच टाकते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन्‌शब्द टाइप करायचा. सुरुवातीला मान वर करायला फुरसत नसायची. आवाज ऐकून ऐकून ती सगळी माणसं घरची वाटायला लागली. हिशेबनीस बोलण्याआधी घसा खाकरतात. गोदामवाले "मुद्दा काय" म्हणून सुरू करतात आणि मुद्द्यावर कधीच येत नाहीत. उन्हाळ्यात एक बैठक टाइप करताना मध्येच कुणाच्या तरी हातून कप फुटला. गोदामवाले म्हणाले, "गेला. आता बशी एकटी काय करणार." मी हसले, आणि बोटं थांबली. हा कप मी आधी फुटलेला ऐकला होता. याच जागी हसलेही होते.

वाटलं, चुकून जुनी फाईल आली असेल. दुसऱ्या दिवशीचीही जुनीच होती. मग शिपाईकाकांना खोदून खोदून विचारलं. मला काय कळतंय त्यातलं, असं बराच वेळ म्हणत राहिले, शेवटी सांगितलं. नव्या बैठका आता कॉम्प्युटर आपला आपणच लिहून काढतो. मला रिकामं बसवणं बरं दिसत नाही, म्हणून साहेबांनी जुन्याच फायली देत राहायला सांगितलंय. मनाला लावून घेऊ नका, म्हणाले, साहेब भले आहेत.

भले आहेतच, तीच तर पंचाईत. वाईट असते तर मी कडाकडा भांडले असते. त्यांच्याकडे जाऊन दुसरं काहीही काम मागितलं. फोन घेते म्हटलं, लोकांच्या तक्रारी ऐकून घेते म्हटलं. त्यांनी मला खुर्ची ओढून बसवलं, इथे काही त्रास आहे का, कुणी काही बोललं का, असं अगदी मायेने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले.

मागच्या आठवड्यात एक अख्खं पान मी मुद्दाम वाटेल ते टाइप केलं. खाली लिहिलं, हे कुणी वाचत असेल तर कृपया मला सांगा. दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "नेहमीप्रमाणे सुंदर काम." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, बाई.

घरी यातलं काही माहीत नाही. माझ्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही, असं आई शेजारीपाजारी सांगत असते. माझ्या पगारावर घर चालतं हेही खरंच आहे. म्हणून रोज येते, हेडफोन लावते आणि फुटलेला कप पुन्हा फुटू देते.

चिमणीला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही, हे मला माहीत आहे. तिच्यासाठी तुम्ही किती उंबरे झिजवलेत तेही माहीत आहे. मी बोभाटा केला तर तिची जागा जाईल आणि कदाचित माझीही. म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं.

पण रविवारी ती स्वतःच घरी आली. आईने माझ्या ऑफिसचं गुणगान सुरू केलं. चिमणीची चिवचिव त्या दिवशी बंदच होती. आई चहा टाकायला उठली तशी ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, टायपिंगमध्ये चूक झाली तर फार रागावतात का गं तिथे?"

"नाही गं," मी म्हटलं. "कुणीच रागावत नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. पुढचं माझ्या तोंडून निघालंच नाही. येत्या सोमवारी ती कॉलेजातून नाव काढून घेणार आहे.

बाई, तिला अडवा. हे पत्र तिला वाचून दाखवा, मीच लिहिलंय हे लपवू नका. माझ्यावर चिडेल, चिडू दे. शिकून तिला याहून बरं काही मिळेलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिला काम करायचंय, आणि ते इथे नाही.

मी उद्याही इथेच असेन. माझ्यासाठी एक करा. या पत्रात चुका सापडल्या, तर वर्गात रागवायचात तशा मला सणसणीत रागवा.

त्या रागावण्याची वाट पाहणारी,
तुमची विद्यार्थिनी