ओल्या फडक्यातले दाणे

आई, शेजारच्या काकीबद्दल लिहिते आहे. त्या वर्षी तिनं पेरणीची ज्वारी तुझ्याकडे आणली होती, बी जिवंत आहे का बघायला. गावातल्या सगळ्याच बायका आणत. तू दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचीस आणि चौथ्या दिवशी सोडायचीस. 'जमिनीला इचारायच्या आदी बियाला इचारावं,' म्हणायचीस. फडकं ओलं ठेवायचं काम माझं. मला खरूज झाली होती, म्हणून अंघोळीसाठी कडुनिंबाचा पाला उकळलेला असायचा. विहीर लांब होती. मी तेच गार झालेलं पाणी तीन दिवस फडक्यावर शिंपडलं. घरभर तोच वास होता; तुला वेगळा कसा कळणार?

चौथ्या दिवशी तू फडकं सोडतेस. दाणे फुगलेत, मोड नाहीत. एखाददुसरा आलाय, तोही टोकाला तपकिरी.

'मेलंय गं.'

'असं कसं वैनी? गेल्या साली लई उगवलं की.'

'तुझ्या दादल्यावाणी हाय. कितीबी हाका मार, उठतंय व्हय?'

काकी हसली. मी हसले नाही. 'दळून खा,' तू म्हणालीस, आणि तिनं दळलं. तुझ्या फडक्यावर गावात कुणी शंका घेत नसे. शिवाय रानातली ओल उडून चालली होती, पुन्हा बघायला वेळ नव्हता. मिळालं ते बी तिनं पेरलं. विरळ उगवलं. संक्रांतीनंतर नवराबायको सोलापूरला गिरणीत आली.

तेव्हा मला नुसती भीती होती. आता मी इथेच शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात खिडकीत दोन फडकी ठेवली. दाणे एकाच पोत्यातले. एकावर साधं पाणी, दुसऱ्यावर पाल्याचं. घरी आल्यावर त्यांना हात लावायला नको वाटायचं. साध्या पाण्यातल्यांना पेरभर कोंब आले. दुसरे त्या दिवशीसारखेच.

काकी दर रविवारी येते. काल आली तेव्हा फडकी झाकायची राहिली होती.

'ह्यातलं मेलंय की गं,' ती वाकून म्हणाली. 'तुझ्या आईमुळं वाचलो आमी. न्हाय तर असलंच पेरलं असतं.'

मी 'व्हय' म्हणाले आणि चहा टाकला.

सांगायचं तिला आहे, लिहिते तुला. तू गेलीस, तिला सांगू शकणार नाहीस, म्हणून.