गळालेला काना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावन्न, अविवाहित, व्यवसायाने चष्मेकार व स्वभावाने भाष्यकार, आज दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढून, मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जे आहे ते छातीत आहे, आणि त्याची नोंद रुग्णालयाच्या कागदपत्रांत सापडेल. उद्या सकाळी सात वाजता शल्यविशारद माझ्या हृदयाची एक झडप काढून तिच्या जागी नवी बसवणार आहेत. मूळ वस्तू काढून तिच्या जागी नवी आणणे, यास आमच्या मंडळात ‘पुनर्निर्मिती’ म्हणतात व आम्ही तिचा एकमुखाने निषेध करतो. या खेपेस मात्र मी संमतिपत्रावर सही केली आहे. शंभरांतले चार परत येत नाहीत, असे मला सांगण्यात आले आहे.

आता दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. साक्षीदार चार वाजता येतील. भिंतीपलीकडे माझी धाकटी बहीण एक पत्र लिहीत आहे. ते ती पाच वाजता पाठवणार आहे. या तीन वेळा वाचणाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात.

कलम १. हे दुकान, त्यावरील दोन खोल्या व बँकेत जे काही असेल ते, सर्व माझ्या धाकट्या बहिणीस मिळावे. तिला येथे ‘धाकटी’ म्हटले आहे. घरात तिला दुसरे नाव कधी चिकटलेच नाही.

कलम २. काच घासण्याचे यंत्र कोपऱ्यावरच्या चष्मेकारास द्यावे. ‘त्यांचीच नजर अधू, ते तुमची काय तपासणार?’ असे तो गेली अकरा वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला आहे. यंत्रासोबत त्यास अक्षरतक्ताही द्यावा. शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ताबा देऊ नये.

कलम ३. ‘निळा कंदील’ या संगणकीय साहसखेळाचे नऊही भाग, मूळ खोक्यांसह. अनभिज्ञांसाठी: या मालिकेत एक मुलगा, निळा कंदील कोण लावतो याचा शोध घेत बेटामागून बेट पालथे घालतो. पहिल्या भागास पस्तीस वर्षे झाली. मराठी खेळाडूंचे ‘कंदील मंडळ’ पूर्वी टपालाने चालायचे, आता संगणकावर भरते. सभासद अकरा हजार. दुसऱ्या भागात नायकाला मिशा फुटल्या, तेव्हा मंडळाने मालिका संपल्याचे जाहीर केले. चौथ्या भागात बेटे गोल फिरू लागली, तेव्हा पुन्हा संपल्याचे जाहीर केले. सहाव्यात कंदीलच हिरवा निघाला. त्या वेळी तेरा दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. मात्र प्रत्येक भाग प्रकाशनाच्या दिवशीच विकत घेण्यात आम्ही कधी कसूर केली नाही. निषेध करायचा तर वस्तू हाताशी हवी.

हे नऊ भाग मंडळास अर्पण. अपवाद चौथा: तो ‘कप्तान’ या टोपणनावाच्या सभासदास द्यावा, कारण चौथा भागच सर्वश्रेष्ठ असे मानणारा तो पृथ्वीवरील एकमेव जीव आहे आणि एकटेपणात सोबत लागते.

(येथे धाकटी गोळी व पाणी घेऊन आली.

“दादा, रुग्णालयाचा फॉर्म भरतोयस अजून?”

“मृत्युपत्र.”

“शुभ बोल की जरा.”

“शुभच लिहितोय. तुला दुकान दिलं.”

“मला नकोय तुझं दुकान. तू परत ये.” मग दारातच थांबून तिने विचारले, “पत्रात ‘स्वेच्छेने’ लिहू की ‘स्वखुशीने’? खुशी तर काही वाटत नाहीये.”

“‘स्वेच्छेने’,” मी म्हणालो. व्याकरणदृष्ट्या उत्तर बरोबर होते.)

कलम ४. ते पत्र कसले, हे सांगणे आता क्रमप्राप्त आहे.

पहिल्या भागाचा मराठी अनुवाद आमच्या वडिलांनी केला. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातले गळालेले काने आणि वेलांट्या लाल शाईने जागेवर बसवणे ही त्यांची आयुष्यभराची चाकरी. संगणकाच्या एका दुकानदाराने त्यांना हे काम दिले. खोक्यावर त्यांचे नाव आले नाही. पण घरात आम्हाला ठाऊक होते. एकाच कळफलकावर आम्ही भावंडे बसत असू: बाण माझ्याकडे, उडी मारण्याची लांब कळ धाकटीकडे.

त्या भागाच्या शेवटी दीपगृहाच्या दारात एक म्हातारा कंदीलवाला उभा असतो. तो एकच शब्द बोलतो: ‘थांब.’ मग एक पूर्ण मिनिट कोणत्याही कळेला हात लावायचा नाही. हात लावला की दिवा विझतो. थांबलात, तर दार उघडते. आम्हाला हे उमगायला आठ महिने लागले.

बाबा तिसरा भाग येण्यापूर्वीच गेले. त्यानंतर मी मंडळात ‘पितृसिद्धान्त’ मांडला: अनोळखी माणूस ‘थांबा’ म्हणेल; ‘थांब’ म्हणतो तो बाप. अर्थात कंदीलवाला हाच नायकाचा पिता होय. हा सिद्धान्त तीस वर्षे अबाधित राहिला. माझ्या हातून उभी राहिलेली आणि न कोसळलेली अशी ती एकच इमारत.

सहा आठवड्यांपूर्वी पहिल्या भागाची पुनर्निर्मिती आली. चित्रे नवी, समुद्र खराखुरा ओला. दारात कंदीलवाला म्हणाला: ‘थांबा.’

एका कान्याने माझा बाप परका केला.

कलम ५. हे कलम लिहिताना अक्षर बिघडले आहे; ते अंशतः औषधामुळे.

मंडळात मी ‘द्वारपाल’ या नावाने वावरतो. धाकटीस मी तेथे केवळ वाचक आहे असे सांगितलेले आहे. प्रकाशनाच्या दिवशी द्वारपालाने ‘एका कान्याचे पातक’ हा प्रदीर्घ लेख लिहिला. त्यातले एक वाक्य येथे जसेच्या तसे उतरवतो, कारण पुरावा पूर्ण असावा: ‘ज्याला बापाचा आवाज ओळखता येत नाही, त्याने अनुवादाच्या वाटेला जाऊ नये.’ चार हजार सभासदांनी त्याखाली पसंतीचे कंदील लावले. त्या दिवशी मी तीनदा दुकानाबाहेर येऊन उगाचच आकाश पाहिले, इतका मी प्रसन्न होतो.

अनुवादकाचे नाव कंपनीने गुप्त ठेवले होते. सहाव्या दिवशी कोणीतरी ते शोधून काढले. ते धाकटीचे होते. ती अनुवाद करते हे मला ठाऊक होते; या खेळाचा करते, हे कंपनीच्या अटीमुळे तिने घरातही सांगितले नव्हते.

त्यानंतर माझे वाक्य तिला रोज शेकड्यांनी येऊ लागले, ‘ज्याला’चे ‘जिला’ करून. लिंगवचनाबाबत मंडळ काटेकोर आहे. अठरा दिवसांपूर्वी तिच्या फाटकाचे छायाचित्र मंडळात झळकले, खाली ओळ: ‘बाई इथे राहतात.’ त्या संध्याकाळी ती एक बॅग घेऊन माझ्याकडे आली. “दादा, चार दिवस राहू?” इतकेच म्हणाली. तेव्हापासून पोस्टमनने बेल वाजवली तरी ती न्हाणीघरात जाऊन कडी लावते.

द्वारपालाने एक शब्द उच्चारला असता तर हे थांबले असते. अकरा हजार माणसे त्या शब्दाची वाट पाहत होती. तो मी उच्चारला नाही. आधी सिद्धान्तासाठी, नंतर लाजेने, आणि नंतर, आता इतके दिवस गेल्यावर कसे सांगायचे, म्हणून.

आज पाच वाजता ती कंपनीला कळवणार आहे की तो काना काढून टाकावा, तिचे नाव वगळावे आणि दहाव्या भागाचे काम दुसऱ्या कोणास द्यावे. बावीस वर्षे तिने अनुवादाचे हे एकच काम जीव ओतून केले आहे.

कलम ६. सबब, कलम ५ वेगळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करावे आणि माझ्या पश्चात, तेराव्या दिवशी, धाकटीने ते उघडावे. तिने मला क्षमा करावी अशी माझी अंतिम इच्छा आहे.

कलम ७. बाबांच्या वस्तू: लाल शाईचे पेन एक, भिंग एक, अनुवादाची वही एक. या तिन्ही वस्तू धाकटीकडेच आहेत व तिच्याच राहाव्यात. ही वही येताना तिने सोबत आणली. “मी बाबांचंच केलंय रे. वही वाच की एकदा,” असे ती आल्यापासून तीनदा म्हणाली. मी ती उघडली नाही. उघडली असती तर निकाल लागला असता.

तथापि मृत्युपत्रात वस्तूचे यथार्थ वर्णन लागते. म्हणून आता, तीन वाजून वीस मिनिटांनी, पृष्ठसंख्या मोजण्याकरिता वही उघडत आहे.

पृष्ठे शहाण्णव. शेवटच्या पृष्ठावर, दीपगृहाच्या दाराशी, बाबांच्या अक्षरात काळ्या शाईने स्वच्छ लिहिले आहे: ‘थांबा.’ समासात लाल शाईने:

‘पडद्यावरील चौकटीत तीनच घरे आहेत. काना बाहेर गळतो. दुकानदार म्हणतो, चालेल. मला चालत नाही. पोरे दोघे मिळून खेळायला बसतात. एकालाच कसे थांबवू?’

तीस वर्षे मी एकवचन आणि आदरार्थी बहुवचन यांवर ग्रंथ होईल इतके लिहिले. साधे अनेकवचन नावाची एक वस्तू व्याकरणात असते, हे मला सुचले नाही. कळफलकावर चार हात होते आणि मला दोनच आठवत राहिले. बापाचा आवाज तिने ओळखला. चष्मेकाराला काना दिसला नाही. कोपऱ्यावरच्या चष्मेकाराचे म्हणणे येथे मान्य करण्यात येत आहे. (कलम २ मधील अट मात्र कायम.)

कलम ८. कलम ६ रद्द. मेल्यावर तिला पाकीट देणे म्हणजे भांडायला समोर माणूस न ठेवणे. इतकी सवलत मला मिळू नये.

कलम ९. झालेला वृत्तान्त, साक्षीदारांच्या समक्ष लिहिलेला.

चार वाजता समोरचे औषधवाले व शेजारचे शिंपीकाका आले. मी धाकटीला हाक मारली आणि हे सर्व कागद तिच्या हाती दिले. तिने ते उभ्यानेच वाचले. पाचव्या कलमापाशी तिने एक पान उलटे करून पुन्हा सुलटे केले, जणू मागच्या बाजूस काही वेगळे निघेल. मग अगदी हळू विचारले, “हे तू लिहिलंस?”

“हो.”

“मी न्हाणीघरात कडी लावून बसायचे तेव्हा तू बाहेरून काय म्हणायचास, आठवतंय? ‘लोकांचं काय मनावर घेतेस.’ लोकांचं!”

ती आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. त्या फाटकाच्या घरी ती एकटी जाणार होती. औषधवालेही उठले. “तुमचं घरातलं आहे, आम्ही नंतर येतो,” म्हणाले. शिंपीकाकांना कमी ऐकू येते, ते बसूनच राहिले. धाकटी व औषधवाले शटरपाशी पोचले होते.

मी म्हणालो, “थांबा.”

धाकटी वळली नाही. पण थांबली. “कोणाला म्हणालास? मला की यांना?”

“दोघांनाही.”

“म्हणजे आदरार्थी नाही.”

“अनेकवचनी. शहाण्णवावं पान. आत्ताच वाचलं.”

त्यानंतर कोणी कशाला हात लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदा पूर्ण फिरला. माझ्या छातीतली जुनी झडप मला ऐकू येत होती.

“काय झालं? कोण गेलं?” शिंपीकाकांनी मोठ्याने विचारले.

“अजून कोणी नाही, काका,” धाकटी म्हणाली, आणि बॅग तिने खाली ठेवली. हातातून सोडली मात्र नाही. “आधी तिकडे लिही. खऱ्या नावानं. वहीच्या पानाचा फोटो लाव. मग बघते.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी, वहीच्या त्या पानाचा फोटो लावून, मी मंडळात लिहिले: ‘मी द्वारपाल. अनुवादिका माझी बहीण आहे. तिने मूळ शब्दच परत आणला; मूळ कोणते हे मलाच ठाऊक नव्हते. तिच्या फाटकाचे चित्र ताबडतोब काढा, आणि शिव्या द्यायच्या तर पत्ता माझ्या दुकानाचा आहे.’ खाली सही, पूर्ण नावाने. पहिली प्रतिक्रिया कप्तानाची: ‘म्हणजे चौथा भागच श्रेष्ठ, हे सिद्ध झाले.’ दुसरी प्रतिक्रिया येथे उतरवण्याजोगी नाही. तिसरी एका अनोळखी सभासदाची: ‘आम्ही पण दोघे खेळायचो. ताईला आज फोन करतो.’ पाच वाजण्यास सात मिनिटे असताना फाटक मंडळातून नाहीसे झाले.

आता साडेपाच. धाकटीने पत्र पाठवलेले नाही, खोडलेलेही नाही. माफीविषयी विचारता म्हणाली, “ती मृत्युपत्रात मागायची वस्तू आहे का? उद्या शुद्धीवर ये. मला तुला भरपूर बोलायचंय, आणि मधे बोललास तर याद राख.” सबब, क्षमेची इच्छा मी मागे घेतो. तिच्या जागी इतकेच मागतो की उद्या मी परत यावे आणि तिने मनसोक्त बोलावे. न परतल्यास वरील सर्व तिचे आहे, आणि दहावा भागही तिनेच करावा.

हे लिहिले ते मी, वाचले ते तिने, पाहिले ते दोघा साक्षीदारांनी.

सही: चष्मेकार (द्वारपाल या पदाचा राजीनामा दिलेला)

साक्षीदार १: समोरचे औषधवाले
साक्षीदार २: शेजारचे शिंपीकाका (मजकूर त्यांच्या कानात मोठ्याने वाचून दाखवला)

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे

दुरुस्ती: कलम ९ मध्ये ‘मी म्हणालो’ यापुढील शब्दातला शेवटचा काना लिहिणाऱ्याकडून जुन्या सवयीने गळाला होता. तो लाल शाईने जागेवर बसवला आहे. आमच्या समक्ष. बसवणारीचे आद्याक्षर: धा.