लाल दोऱ्याची मरळ

रविवार, १४ नोव्हेंबर १९५४. धरणगाव.

नोकरी पक्की झाली. शांतीलालशेठच्या कापसाच्या जिनात इंजिन फिटर. मालवणात सगळे चेष्टा करत होते, खानदेशात जाऊन काय कापूस खाणार म्हणून. कापूस आहेच भरपूर, पण सायकलने तासाभरावर गिरणाही आहे, आणि मी ट्रंकेत कपड्यांच्या आधी गळ भरले होते. शेठ जैन. आवारातल्या खोलीत मासळी शिजवायची नाही, असं त्यांनी हसत पण स्पष्ट सांगितलं. म्हणून भोईवाड्याला लागून घर घेतलं. शेजारी उखर्डूनाना, म्हातारे भोई, बोलायला गोड. सुनंदा चूल सारवताना म्हणाली, आधी मासा आणा, मग मी याला घर म्हणेन. लग्नाला अजून वर्षही नाही, आणि हुकूम बघा.

रविवार, ५ डिसेंबर.

आज फत्ते. गिरणेत भवरडोह म्हणून खोल जागा आहे. काठावर रोवलेल्या काठीला हिरवी चोळी बांधलेली. नानांनी बजावलं होतं की सगळी नदी तुमची, एवढा डोह सोडा. कारण विचारलं तर विषय बदलला. मी काय दुधखुळा आहे? चांगली जागा कुठला मासेमार दुसऱ्याला दाखवतो. तिथेच बसलो. अर्ध्या तासात हातभर मरळ. तिच्या कल्ल्यात लाल दोरा ओवलेला होता. कुणाच्या तरी हातून सुटलेली असणार, असं समजून दोरा तोडून फेकला. सुनंदाने झणझणीत तिखलं केलं. डोकं मुद्दाम तिला दिलं, सगळी चव तिथेच असते.

रविवार, २ जानेवारी १९५५.

चार रविवार फुकट. तापीवरही जाऊन आलो. गांडूळ जसंच्या तसं वर येतं. हात गेला की काय माझा?

सुनंदाचे केस हल्ली दिवसभर ओले असतात. न्हायलीस का विचारलं तर नाही म्हणते. परवा विहिरीवर ती शेजारच्या मंजुळाबाईला म्हणाली, ‘बठ्ठं पानी मन्हं शे.’ सगळं पाणी माझं आहे म्हणे. मंजुळाबाई घागर टाकून घरी गेली. मला आधी कौतुक वाटलं, दीड महिन्यात इथली बोली उचलली. मग वाटलं, मंजुळाबाई एवढी का घाबरली.

रविवार, २० फेब्रुवारी.

नाना आले आणि उंबऱ्यापाशी बसून रडले. त्यांची सून ताईबाई गेल्या आषाढात, दिव्यांच्या अवसेला भवरडोहात बुडाली. प्रेत मिळालं नाही. अशा वेळी त्यांच्यात एक जिवंत मासा लाल दोरा ओवून, गेलेल्याचं नाव घेऊन डोहात सोडतात. वर्षभर त्या माशाने पाण्यात तिची जागा धरायची, की ती सुटते. वर्ष पुरं होईतो तिथे कुणी गळ टाकत नाही, काठीला तिची चोळी त्याचीच खूण. परक्या माणसाला घरचं दुःख काय सांगायचं, म्हणून ते बोलले नव्हते.

मी मरळीचं सगळं कबूल केलं, डोकं सुनंदाने खाल्लं तेही, आणि विचारलं, आता? ते म्हणाले, जिने डोकं खाल्लं तिला नदी त्या जागी बसवील, आणि ताईबाई तिच्या अंगाने वर येईल. येत्या दिव्यांच्या अवसेच्या आत तुमच्याच गळाचा जिवंत मासा त्या नावाने सोडा.

एक मासा. एवढंच. मी लहानपणापासून मासे धरतो आहे.

रविवार, २७ मार्च.

गिरणा, तापी, वाघूर. काही नाही. जळगावच्या बाजारातून जिवंत मरळ बादलीत आणली, दोरा ओवला, नाव घेतलं, सोडली. तळाला जायच्या आत ती उलटी होऊन तरंगली. नाना म्हणतात, विकतचा चालत नाही.

सुनंदाला काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या हट्टाने हे झालं.

रविवार, २२ मे.

नदी आटली. पाणी फक्त डोहात. मासे इतके दाटलेत की पाठी पाण्याबाहेर दिसतात. गळ सोडला की बाजूला होतात. शेवटी हातच घातला. हाताभोवतीही वाट करून दिली त्यांनी. मी काठावर बसून ओरडून रडलो.

ती जेवत नाही. नुसतं पाणी पिते.

रविवार, १७ जुलै.

पूर. दोन दिवस उरले.

तिच्या आईचं पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, ही बाई कोण. नानांच्या दाराकडे बघत बसते. नाना दार उघडत नाहीत.

मंगळवार, १९ जुलै. अवस. दुपार.

डोहावर आहे. घराला बाहेरून कडी लावून आलो. गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आहे, म्हणजे हात लिहायला मोकळे —

तीन वाजले असतील. काही नाही. देवा, एक चालेल, बोटभर चालेल —

कुणीतरी उतारावरून येतंय. सुनंदा. कडी कुणी काढली —

हाक मारली. सुनंदा. दोनदा. बघत नाही. अनवाणी, सरळ येते आहे —

मी म्हटलं, ताईबाई.

ओ दिली तिने. हसली. आता नानांच्या वाटेला वळली, घरी निघाल्यासारखी —

दोरी ताणली. लागलंय काहीतरी. मासा असा ओढत नाही. हाताने धरल्यासारखं, घट्ट — अंगठा — पाण्यातून आवाज येतोय, तिचाच, माझ्या सुनंदाचा, मला हाक मारते आहे, ‘अहो —